धुपदाळ ते गोडचिनमलकी : एका लांब धावेची आखणी

बेळगावच्या नळाला दोन नद्यांचं पाणी येतं. राकसकोपहून मार्कंडेय नदीचं आणि हिडकलहून घटप्रभेचं. पुढे गोकाकजवळ या दोघी एकमेकींना मिळतात, पण त्याआधी दोघीही कड्यावरून खाली कोसळतात. घटप्रभा गोकाक फॉल्सला, मार्कंडेय गोडचिनमलकीला. दोन धबधब्यांच्या मधे डोंगराची सोंड आहे, आणि घटप्रभेच्या डाव्या अंगाला धुपदाळच्या बंधाऱ्यापासून निघालेला कालवा ऊसपट्ट्यातून लांबवर जातो. कालवा, फॉल्स, डोंगराचा पायथा आणि दुसरा धबधबा हे सगळं एका सकाळीत धावत जोडायचं, साधारण मॅरेथॉनएवढं अंतर, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

मी बेळगावात शाळेत शिकवते. शहरातल्या स्पर्धा धावून झाल्या होत्या. तिथं रस्ता आखलेला असतो, पाण्याची टेबलं मांडलेली असतात, आपण फक्त धावायचं. इथं आखणारेही आपणच. सोबत गडहिंग्लजची मावसबहीण, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, चढावर माझ्यापेक्षा दमदार. आणि मोटारसायकलवर माझे धाकटे दीर, कारण त्यांचं कन्नड अस्खलित आहे आणि हुक्केरी-गोकाक भागात त्यांच्या ओळखी आहेत. धावणं एका सकाळचं होतं. आखणीला पावसाळ्यापासून हिवाळा लागला, आणि सांगण्यासारखं जास्त तिथंच आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. ताईला फॉल्स भरून वाहताना बघत धावायचं होतं, म्हणजे जुलै-ऑगस्ट. गोकाकला घटप्रभा 52 मीटरवरून पडते, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून, आणि भर पावसाळ्यात ते लाल पाणी बघणं हा खरोखर सोहळा असतो. पण त्या दिवसांत कालव्याच्या भरावावर पाय ठेवून बघा. काळी माती बुटाच्या तळव्याला चिकटते, तिच्यावर दुसरा थर चढतो, त्यावर गवत, आणि थोड्याच वेळात पाय उचलेनासा होतो. शिवाय हिडकलचं धरण 51 टीएमसीचं. ते भरत आलं आणि वर चंदगडकडे पाऊस चालूच राहिला की पाणी सोडावं लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा गोकाक गावात कशी शिरली ते या भागात सगळ्यांना आठवतं. अशा दिवसांत नदीकाठी हौसेनं धावायला जाणं मला पटत नव्हतं.

उन्हाळा तर विचारातच नव्हता. फॉल्सचा कडा कोरडा, ऊन चाळिशीकडे आणि कालवाही बंद. राहिला हिवाळा. पण हिवाळ्यात एक अडचण आहे, ती मला धुपदाळला जाऊन बंधारा बघितल्यावर नीट कळली. हा बंधारा 1897 चा. नदीचं पाणी तो अडवतो आणि डाव्या कालव्यात वळवतो. रब्बीला कालवा काठोकाठ चालतो तेव्हा तेच पाणी खाली फॉल्सला कमी पडतं. म्हणजे सुक्या वाटेवर धावायचं असेल तर कालव्यातलं पाणी किंवा फॉल्सचं पाणी, यातलं एक निवडावं लागतं. दोन्ही भरभरून हवी असतील तर चिखल आलाच. आम्ही कालवा निवडला. ज्या पाण्याच्या काठानं चार तास काढायचे ते वाहतं असावं, एवढाच विचार. ताईला ते पटायला थोडा वेळ लागला, पण नोव्हेंबर अखेरीला फॉल्सला अगदीच काही नसतं असं नाही, हे दिरांनी तिला सांगितलं आणि ती तयार झाली.

नोव्हेंबरमधला रविवार ठरवतानाही इकडच्या माणसाला आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. 1 नोव्हेंबरच्या आसपास बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे सीमाप्रश्नावर मराठी भाषकांचा काळा दिवस, सगळीकडे बंदोबस्त. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन सुवर्णसौधमध्ये भरतं, तेव्हाही तेच. कधी वातावरण तापलं की सीमेपलीकडच्या एसटी थांबतात. ताईला गडहिंग्लजहून संकेश्वर, हुक्केरी करत घटप्रभा स्टेशनला यायचं होतं. तिची बस अडकली तर सगळंच बारगळणार. म्हणून या दोन्हींच्या मधला, महिन्याच्या शेवटचा रविवार धरला. त्या सुमाराला पहाटे चौदा-पंधरा अंश, दुपारी तिशीच्या जवळ. धावायला याहून बरं हवामान या भागात मिळत नाही.

मग वाट बघायला सुरुवात केली. नकाशात कालवा निळ्या रेषेसारखा सरळ दिसतो. प्रत्यक्षात भरावावरचा रस्ता कधी डाव्या काठाला चांगला, कधी उजव्या. वितरिकेचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या फाट्याचं, गेट आलं की रस्ता तुटतो आणि खाली शेतात उतरून पुन्हा वर यावं लागतं. काही ठिकाणी ओढा कालव्याच्या पोटाखालून जातो, तिथं भराव उंच आणि वाट अरुंद. भूमापनाच्या नकाशात यातलं काही नाही. दिरांच्या मागे बसून मी प्रत्येक पूल वहीत लिहिला. कुठल्या पुलावरून काठ बदलायचा, कुठं कुत्री आहेत, कुठं हातपंप आहे, कुठल्या पुलापर्यंत गाडी येते.

कालव्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. अस्तर केलेल्या भागात काठाचा उतार सिमेंटचा असतो आणि पाण्याच्या पातळीला शेवाळाची हिरवी पट्टी धरलेली असते. वरून पाणी संथ दिसतं. पण त्या पट्टीवर पाय पडला की धरायला काही नाही, आणि पोहता येणारा माणूसही त्या उतारावर चढू शकत नाही. तोंड धुवायला, टोपी भिजवायला, बाटली भरायला म्हणून कालव्यात उतरायचं नाही, हा आमचा पहिला नियम होता. बायका जिथं कपडे धुतात तिथं दगडी पायऱ्या आहेत. पाण्याला हात लावायचाच असेल तर तिथंच, आणि तोही त्यांना विचारून. दिरांच्या डिकीत आम्ही लांब दोर ठेवला होता.

गेटावर बसणारे पाटकरी या आखणीतले सगळ्यात मोलाचे गृहस्थ. वय झालेलं, अंगात खाकी स्वेटर, हातात गेटाची किल्ली. त्यांना मराठी समजतं, बोलतात कन्नडच. दिरांनी आमचा बेत सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, पहाटे का? मी म्हटलं, ऊन नको म्हणून. ते म्हणाले, तुम्हाला ऊन नको आणि ऊसवाल्यांनाही नको, तेव्हा पहाटे भराव त्यांचा असतो. मग त्यांनी हाताच्या बोटांवर मोजून सांगितलं की कारखाने सुरू झाल्यावर कुठल्या शिवारात आधी तोड बसते, कुठल्या पुलाजवळ ट्रॉल्या भरावावर चढतात आणि पाण्याची पाळी कुठल्या आठवड्यात कुठल्या वितरिकेला असते. पाळी चालू असलेल्या शिवारात भरावाच्या खालची पायवाट ओली होते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी घरी जाऊन माझी आखणी त्यांच्या वेळापत्रकावर बसवून घेतली. धावणाऱ्यानं आपली वेळ ठरवायची आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, हे स्पर्धेत चालतं. कालव्याचा रस्ता पाण्याच्या आणि उसाच्या कामाचा आहे. आपण तिथं पाहुणे आहोत, आणि पाहुण्यानं घरच्यांच्या वेळा विचाराव्यात.

त्याच फेरीत बीडकडची ऊसतोडीची टोळी भेटली. कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोपी घातलेल्या, बैल बांधलेले, चुलीवर भाकरी. आजूबाजूला सगळं कन्नड आणि मधेच मराठवाड्याची मराठी कानावर पडली तेव्हा मी थांबलेच. एक बाई मोळी बांधत होत्या. वाढ्याची दोन लांब पानं पिळून त्यांचा दोर करायच्या आणि गुडघा मोळीवर दाबून एका झटक्यात गाठ मारायच्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कुठं पळायल्यात ताई, कुणी मागं लागलंय का?" मी सांगितलं, सराव करतोय, महिन्यानं लांब धावायचंय. "आन् पोटाला काय खाता?" हा पुढचा प्रश्न. धावणाऱ्या कुणालाही विचारावा असाच. त्या पहाटे तीनला उठतात, दिवस मावळेपर्यंत वाकून कोयता चालवतात, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. मी तिथं माझ्या बेचाळीस किलोमीटरांबद्दल फार बोलले नाही. त्यांच्याकडून कामाची गोष्ट मिळाली ती अशी, की भरलेली ट्रॉली अरुंद भरावावर ब्रेक लावू शकत नाही. लावला तर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते. त्यामुळे बाजूला व्हायचं ते आपणच, आणि लवकर.

डोंगराचा भाग वेगळा. गोकाकचा डोंगर वालुकाश्माचा आहे. भूशास्त्रात याला कलादगीचे खडक म्हणतात, बागलकोटकडच्या कलादगी गावावरून, आणि ते शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. तांबूस, कडक, काही फरशांवर पाण्याच्या लाटांच्या बारीक वळ्या तशाच्या तशा दगड झालेल्या. मी वाट बघायला गेले तेव्हा अशा एका फरशीवर हात फिरवून बसले होते. कधीकाळी तिथं उथळ पाणी होतं, त्या पाण्यानं वाळूवर उमटवलेली ही वळी. माझ्या बुटाच्या तळव्याला ती छान पकड देते. पण दोन फरशांच्या मधे सुटे दगड आणि खुरटी झुडपं, करवंद, बोर, तरवड. पाऊल नीट बघून टाकावं लागतं. सपाट कालव्यावर वेग धरून आलेले पाय इथं पहिल्या दगडाला अडखळतात. म्हणून डोंगर लागताच थोडं अंतर नुसतं चालायचं, असं आखणीतच लिहून ठेवलं.

या भागात वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. आम्ही लेखी अर्ज दिला, कोण, किती जण, कुठून कुठे, किती वाजता बाहेर येणार हे सगळं लिहून. तिथल्या कर्मचाऱ्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, कड्याला आग्या मोहोळ आहेत, तेव्हा अत्तर, उग्र वासाचं क्रीम, धूर यातलं काही नको आणि आरडाओरडा नको. दुसरी, उजाडल्याशिवाय डोंगरात शिरायचं नाही. या दुसऱ्या अटीनं दिशेचा प्रश्न सुटला. आधी डोंगर करून थंडाव्यात चढ संपवावा आणि मग कालव्यावर यावं, असं ताईचं मत होतं. पण अंधारात डोंगर नाही म्हटल्यावर कालवा आधी आणि डोंगर मागाहून, हे नक्की झालं.

योगीकोळ्ळच्या पुढे, मार्कंडेयच्या दरीत, एक मेंढपाळ आजोबा भेटले. खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या चपला. "एल्लि होंटीरि, अक्का?" कुठं निघालात, म्हणून त्यांनीच हटकलं. मी मोडक्या कन्नडात सांगितलं. मग ते मराठीत शिरले, कारण पावसाळ्याआधी कळप घेऊन ते पार चंदगडकडे जाऊन येतात. माझ्या मोबाइलमधली वाट त्यांना दाखवली तर ते मान हलवत राहिले. नकाशातली वाट घळीतून जात होती. त्यांनी काठीनं वरची धार दाखवली. घळीत सावली आहे, पण दगड हलतात आणि नोव्हेंबरातही पाणी झिरपतं. धारेवर ऊन आहे, पण मेंढरांची वाट पक्की आहे आणि तिथून फोनलाही रेंज येते. आम्ही धार घेतली. मोबाइलमधली रेषा मी त्यांच्यासमोरच बदलली.

आता सराव. रोजचं धावणं टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आणि कॅम्पातल्या रस्त्यांवर. रविवारचं लांब धावणं हळूहळू वाढवत तीस-बत्तीसपर्यंत नेलं, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उतरवत आणलं. चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड. गडावर धावत चढायचं नाही, झपाझप चालत चढायचं आणि उतारावर छोटी पावलं टाकत धावायचं. गुडघे उतारावर बोलतात, चढावर नाही. ताई तिकडे सामानगडावर हेच करत होती. कालवा अगदी सपाट असल्यामुळे एक वेगळा त्रास होतो. तेच स्नायू, तेच पाऊल, तासन् तास. चढ-उतारावर पायांना आपोआप बदल मिळतो, इथं तो आपण द्यावा लागतो. म्हणून ठरावीक अंतरानं मुद्दाम एक मिनिट चालायचं, अंगात दम असला तरी. हे ताज्या पायांना पटत नाही, पण पटवावं लागतं.

खाण्याच्या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत आहे. लांब धावताना तासाला साधारण तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं सांगतात. त्यासाठी महागडी जेलची पाकिटं लागतात असं मला वाटत नाही. गोकाकचं करदंट घ्या. गूळ, डिंक, सुकामेवा, खोबरं. सुपारीएवढे तुकडे करून बटर पेपरात गुंडाळले की झालं. फक्त ते चावायला वेळ लागतो आणि धापा टाकताना घशात अडकू शकतं, म्हणून ते चालण्याच्या मिनिटातच खायचं. आमच्या बेळगावच्या कुंद्याचाही प्रयोग केला. चवीला त्याला तोड नाही, पण खवा धावताना पोटात जड पडतो, तो शर्यत संपल्यावरचा खाऊ. राजगिऱ्याचा लाडू कोरडा पडतो. केळं आणि खारे शेंगदाणे मात्र शेवटपर्यंत साथ देतात.

पाण्याचं गणित घरी केलं. तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरायचं, म्हणजे तासाला किती घाम जातो ते कळतं. त्यावरून तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास प्यायचं ठरलं. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस गुंगीत जातो. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं प्रमाण शाळेच्या फळ्यावर मी कितीतरी वेळा लिहिलंय. तेच बाटल्यांत भरलं, वर लिंबू. डोंगराच्या टप्प्यासाठी ताईनं घरच्या आमसुलाचं सार केलं होतं, मीठ-जिरं घालून. गोड खाऊन तोंड विटतं तेव्हा त्या एका घोटानं जीव परत येतो.

बायकांनी धावायला बाहेर पडायचं तर आणखी एक आखणी करावी लागते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. बाथरूमला कुठं जायचं? तोडणी चालू असलेल्या शिवारात उसाचा आडोसा नसतो, कारण ऊस तुटलेला असतो, आणि उभ्या उसाच्या बांधाला घोणस असू शकते. आम्ही सुरुवात घटप्रभा स्टेशनवरून ठेवली त्याचं हेच मोठं कारण. पुढे कालव्याच्या टप्प्यावर एका शेतातलं घर, ज्या घरच्या वहिनींना आम्ही आधी भेटून विचारलं होतं. त्यांनी आनंदानं हो म्हटलं, आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही असंही सांगितलं. नंतर फॉल्सचा परिसर, मग योगीकोळ्ळचा मठ. या चार जागा नक्की झाल्यावर मला मनापासून मोकळं वाटलं. कपड्यांची पिशवी, पॅड, व्हॅसलीन दिरांच्या डिकीत. मांड्या आणि काखा घासतात तिथं व्हॅसलीन आधीच लावायचं, जळजळ सुरू झाल्यावर उपयोग नाही.

शेवटची शंका झुलत्या पुलाची. फॉल्सच्या माथ्यावर नदीवरून झुलता पूल आहे, त्यावरून पलीकडे जाता आलं असतं तर सगळी वाट सलग झाली असती. पण तो कधी उघडा असतो, कधी बंद. म्हणून पहिल्यापासून दोन आखण्या केल्या होत्या. पूल बंद असेल तर कालव्यावर ठरलेल्या पुलाच्या पुढे आणखी थोडं जाऊन परत यायचं, आणि नदी गाडीनं वळसा घालून ओलांडायची. आदल्या दिवशी दिरांनी चौकशी केली. पूल बंद. आम्ही दुसरी आखणी काढली आणि झोपलो.

पहाटे सव्वापाचला घटप्रभा स्टेशनसमोरून निघालो. डोक्याला दिवे, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाळीचे कोट. धुपदाळला पोचेपर्यंत अंग गरम झालं. जलाशयावर धुकं होतं आणि पक्ष्यांचा गलका. हा सगळा पाणपसारा पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात कांड्या करकोचे लांबून येऊन उतरतात. आम्हाला फक्त त्यांचे आवाज मिळाले. कालव्याला लागलो. पाटकरी गेटावर उभे होते, शाल गुंडाळून. "निधान होग्री," म्हणाले. सावकाश जा.

अंधारात कालव्याचं पाणी दिसत नाही, ऐकूही फारसं येत नाही, नुसता उजवीकडून गारवा लागतो. ताईचं पाऊल आणि माझं पाऊल एका लयीत पडत होतं. उजाडायला लागलं तसा समोर ट्रॅक्टरचा दिवा दिसला. आधी गाणं ऐकू आलं, मग दिवा, मग उसाचा उभा डोंगर. आम्ही खाली शेताच्या बाजूला उतरून थांबलो. दोन ट्रॉल्या एकामागून एक गेल्या, भराव पायाखाली हलल्यासारखा झाला, उसाची टोकं माझ्या टोपीच्या वरून सरकली. चालकानं हात वर केला. तो गेल्यावर रस्त्यावर पाचट पसरलेलं, दवानं निसरडं. ते संपेपर्यंत चाललो. त्यानंतरही ट्रॉल्या येत राहिल्या, पण जिथं येतील असं पाटकऱ्यांनी सांगितलं होतं तिथंच.

परतीच्या पुलावर पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. जाऊन परत त्याच वाटेनं येण्यात एक सोय आहे. दिरांना एकाच जागी थांबून दोनदा पाणी देता आलं, आणि वहिनींच्या घरचा चहा येताना घेतला. टोपीची झडप जाताना डोळ्यांवर लागली, येताना ऊन पाठीवर. इथपर्यंत वेळ आखणीच्या थोडी आतच होती, म्हणून मुद्दाम वेग कमी केला.

कालवा सोडून फॉल्सकडे वळलो. कड्यावरून दोन-तीन धारा पडत होत्या, बाकी सगळा उघडा दगड. ताई कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. भरलेल्या पाण्यात हा कडा दिसत नाही, असं तीच म्हणाली. थर कसे एकावर एक बसलेत, पाण्यानं त्यांना कुठं खाल्लंय, हे सगळं उघडं पडलेलं. शेजारी 1887 पासून चालत आलेली सूतगिरणी, याच पाण्याच्या ताकदीवर उभी राहिलेली, आणि महालिंगेश्वराचं चालुक्यांच्या काळातलं देऊळ. दर्शन घेऊन गाडीनं पलीकडे गेलो. गाडीवर बसल्यावर पाय आखडतात, म्हणून उतरल्यावर लगेच धावलो नाही.

योगीकोळ्ळपासून खरा कस लागला. उन्हाचा चटका, पायात तीस किलोमीटर आणि दगड. धारेवर आजोबांची वाट तशीच होती, मेंढरांच्या खुरांनी भुरभुरीत झालेली, दगड बाजूला सरलेले. माझ्या पोटऱ्या वळायला लागल्या. ताईनं आमसुलाचं सार पुढे केलं आणि मला पुढे घातलं, म्हणजे वेग माझा राहील. चढावर चाललो, सपाटीवर जमेल तसं धावलो. रेंज आल्यावर दिरांना कळवलं. खाली दरीत मार्कंडेयचं पाणी चमकत होतं. राकसकोपहून निघालेलं, बेळगावला पाजून उरलेलं पाणी इथंवर येतं, हे बघून मला फार बरं वाटलं.

गोडचिनमलकीला धबधबा दोन टप्प्यांत पडतो. पाणी बेताचं होतं, पण होतं. डोहात उतरलो नाही, दमलेल्या पायांनी तर अशा डोहात मुळीच उतरू नये. वरच्या फरशीवर बसून बूट काढले, भाकरी, शेंगाचटणी, दही खाल्लं, आणि मग कुंदा. वनखात्याला फोन करून सगळे बाहेर आल्याचं कळवलं. दिरांनी पाच्छापूर स्टेशनवर सोडलं आणि ताई त्यांच्या मागे बसून हुक्केरीच्या बसला गेली.

गाडीची वाट बघताना स्टेशनच्या बाकावर मी वहीत दुरुस्त्या केल्या. करदंटाचे तुकडे आणखी लहान हवेत. डोंगराच्या टप्प्यासाठी पाणी जास्त, प्रत्येकी दीड लिटर तरी. योगीकोळ्ळला पायमोजे बदलावेत. संकेश्वरच्या दोघी मैत्रिणींना जानेवारीत नुसता कालव्याचा टप्पा करायचा आहे. त्यांना पुलांची खूण केलेला नकाशा त्याच रात्री पाठवला आणि सोबत लिहिलं : आदल्या संध्याकाळी पाटकऱ्यांना भेटा किंवा फोन करा, पाळी कुठल्या वितरिकेला आहे ते विचारा, आणि ट्रॉलीचं गाणं ऐकू आलं की दिवा दिसायची वाट न बघता भरावाच्या शेताकडच्या बाजूला उतरा, पाण्याकडच्या नाही.